‘नातेवाइकांचा प्रतिसाद नाही’

मनोरुग्णालयातली बाई बरी झाली की घरी जाते, असं बाहेरच्यांना वाटतं. आतल्यांना तसं वाटत नाही. केसपेपरवर डॉक्टर ‘डिस्चार्जयोग्य’ लिहून मोकळे होतात आणि तिथून पुढचं काम समाजसेवा अधीक्षकांकडे येतं. पत्ता शोधा, पत्र पाठवा, कोणी आलं तर समजूत काढा, नाही आलं तर फाइलवर तसं लिहा. मी समाजकार्य महाविद्यालयात मानसोपचार सामाजिक कार्य शिकवते. एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, मुलं क्षेत्रकार्याला तिथं पाठवायची, त्यांची रेकॉर्डिंग्ज, म्हणजे रुग्णभेटींच्या लेखी नोंदी, वाचायची आणि कुठं अडलं की पिशवी उचलून स्वतः निघायचं, यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यातल्या एका मावशींना घरी पोचवताना काय काय करावं लागलं ते इथं लिहिते. माझ्या पीएचडीच्या शीर्षकात ‘मानसिक आरोग्यातील समन्याय’ (इंग्रजीत इक्विटी) असे भारदस्त शब्द होते. त्यांचा अर्थ मला या एका फाइलीनं नीट शिकवला.

मी नव्वदच्या दशकात एमएसडब्ल्यू केलं तेव्हा केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, पुस्तकं अमेरिकेतली होती. समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावानं निघालेल्या संस्थेत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथं बालमार्गदर्शन केंद्रही निघालं. म्हणजे आमची शाखा काही कालची नाही. तरी वर्गात आम्ही वाचायचो ते शिकागोतल्या घटस्फोटित आईबद्दल. पुढे बंगळुरूला निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एम.फिल. केलं तेव्हा खरे वॉर्ड, खरी माणसं भेटली. परत येऊन नोकरीला लागले आणि पहिल्यांदा भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावला.

तो नकाशा मी अजूनही पहिल्या तासाला काढते. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नागपूरचं १८६४ सालचं. बाकीचीही इंग्रजांच्या काळातली, मुंबई इलाख्यातली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून त्याच्या वाट्याला एकही आलं नाही. स्वातंत्र्य आलं, मुक्तिसंग्राम झाला, भाषावार राज्य झालं, तरी वेड लागलेल्या माणसाला मराठवाड्यातून रात्रभर एसटीत बसवून दूरच न्यावं लागे. ‘माणसं भेटायला येत नाहीत’ अशी तक्रार कुणी केली की मी त्याला आधी तिकिटाचे पैसे विचारते. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, हेही त्याच तासाला सांगते. मुलं लिहून घेतात. परीक्षेत येणार नाही हे कळलं की थांबतात.

तर मावशी. नाव सांगत नाही. वॉर्डातही सगळ्या त्यांना मावशीच म्हणायच्या. पोलिसांना स्टेशनवर सापडल्या, कोर्टाच्या आदेशानं दाखल झाल्या, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, औषधं लागू पडली. दहाएक वर्षं झाली होती. माहेरचं गाव त्यांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. सासरचं नाव मात्र कधी काढायच्या नाहीत. वर्षाआड माहेरी रजिस्टर पत्र जायचं आणि परत यायचं. फाइलवर दर वेळी तोच शेरा: ‘नातेवाइकांचा प्रतिसाद नाही.’ हा शेरा तीन-चारदा पडला की फाइल खालच्या कप्प्यात जाते. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. एका माणसाच्या टेबलावर शेकडो फायली असल्या की असंच होतं.

२०१९ च्या पावसाळ्यात एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तिथं क्षेत्रकार्याला होता. बोलायला बुजरा. इंग्रजीत रेकॉर्डिंग लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून मी त्याला मराठीत लिही म्हटलं होतं. आयसीला, म्हणजे आमच्या आठवड्याच्या वैयक्तिक बैठकीला, तो परत आलेल्या पाकिटांच्या झेरॉक्स घेऊन आला. पाकिटांवर पोस्टमननं ‘घर बंद’ लिहिलं होतं. तारखा डिसेंबर, जानेवारी, एकदा फेब्रुवारी. दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांचा आढावा त्याच सुमाराला होत असे, म्हणून पत्रंही तेव्हाच निघायची.

तो म्हणाला, “मॅडम, दसरा झाल्यावर त्या गावात असतंय कोण? सगळे कोयत्यावर जातात.”

त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. तो आजीपाशी राहून शिकला होता. बंद घराचा अर्थ त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. फाइल वाचणाऱ्या इतक्या जणांत, आणि त्यात मानसशास्त्राच्या पदव्या असलेले कितीतरी होते, कारखान्याचा हंगाम माहीत असलेला तो पहिलाच. समन्यायाचं बोलताना आपण रुग्णाचं बोलतो. समाजसेवकाच्या खुर्चीत कोण बसतं याचं बोलत नाही. पण मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता म्हणून त्या खुर्चीत पोचायला एमएसडब्ल्यू, मग प्रवेश परीक्षा, मग परगावी राहून दोन वर्षांचं एम.फिल. लागायचं आणि ते सगळं इंग्रजीत. कोयता घेतलेल्या घरातला मुलगा तिथवर पोचणं किती अवघड आहे, ते माझ्या वर्गाची हजेरीच सांगते.

गावात फोन कुणाला करायचा? आम्ही पोलीस पाटलांचा नंबर मिळवला. भाऊ गावातच होता, दसरा व्हायचा होता, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेऊन झाली होती. आम्ही तातडीनं निघालो.

गृहभेटीचं एक तंत्र मी मुलांना सांगते: ओट्यावर जे बोललं जातं ते लिहून घ्या, पण त्यावर निर्णय घेऊ नका. ओट्यावर भाऊ बसला होता, चुलते होते, पाटील होते. भावाच्या डोळ्यांत आधी भीतीच दिसली. सरकारी माणसं आली म्हणजे काहीतरी भरावं लागणार. मग म्हणाला, “आक्का जित्ती हाय हेच आमाला ठावं नव्हतं. आमी काय मुद्दाम टाकली का तिला? लई हुडकली. मग हंगाम आला.” चुलत्यांनी मधेच विचारलं की तिची सही चालते का, कारण वडिलांच्या नावावरच्या कोरडवाहू तुकड्याची वारस नोंद अडली होती. बहिणीचा पत्ता लागला की हक्कसोडाचा कागद पाठोपाठ निघतो, हा अनुभव नवा नव्हता. मी एवढंच सांगितलं की त्या घरी येतील, सहा महिने राहतील, मग त्यांनाच विचारा, आणि तोवर कुठल्याही कागदावर अंगठा नको. चुलते त्यानंतर फारसे बोलले नाहीत.

खरं बोलणं चुलीपाशी झालं. भावजयीला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनं भाकरी थापता थापता एकेक प्रश्न टाकला. वन्संच्या गोळ्या कुठनं आणायच्या? फडात, म्हणजे ऊसतोडीवर, गेल्यावर कुणी द्यायच्या? रात्री उठून चालायला लागल्या तर? दोन पोरी लग्नाच्या आहेत, सोयरीक मोडली तर कोण जबाबदार? मुकादमानं त्यांना अर्धा कोयता धरला तर? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा. मावशी धडधाकट दिसल्या की कुणीतरी त्यांच्या नावावर उचल देऊ करणार, हे तिला बरोब्बर दिसत होतं. पुनर्वसनाच्या कार्यशाळांत मी खूप बसले आहे. इतकी नेमकी डिस्चार्ज योजना तिथं कुणी मांडलेली मला आठवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, डिस्चार्जआधी पुढच्या उपचारांची आखणी करावी असं कलम आहे. ती आखणी आम्ही त्या बाईचेच प्रश्न क्रमानं लिहून केली.

गोळ्यांचं उत्तर आधी शोधलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक महिन्यातून एकदा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात यायचं. रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्याचं इंजेक्शन चालेल का, हे वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले, आणि डिस्चार्जआधीच ते सुरू करून सोसतंय का पाहिलं. फडातल्या महिन्यांसाठी, टोळी ज्या कारखान्यावर जाणार होती त्या जिल्ह्याच्या पथकाच्या नावानं चिठ्ठी घेतली: निदान, औषध, मात्रा, शेवटची तारीख. साधा कागद. पण ‘तुमचा जिल्हा कोणता’ या खिडकीवरच्या प्रश्नाला उत्तर देणारा कागद पहिल्यांदाच त्यांच्याकडे असणार होता.

अर्ध्या कोयत्याचा निर्णय मावशींवर सोडला. त्या म्हणाल्या, मोळ्या उचलणार नाही, कोपीवर (तोडीच्या जागेवरच्या झोपडीत) थांबीन, पोरं सांभाळीन, भाकरी करीन. भावाला हे आवडलं नाही. आणखी एक तोंड आणि उचल नाही. भावजय म्हणाली, मला तेवढंच हवंय.

याच कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नावाची तरतूद आहे. आपण बोलण्याच्या अवस्थेत नसू तेव्हा उपचारांबद्दल आपल्या वतीनं कुणी बोलावं, हे माणूस आधीच ठरवू शकतो. साध्या कागदावर लिहायचं आणि सही किंवा अंगठा. वकील नको, स्टॅम्प पेपर नको. वॉर्डात विचारताना आम्ही सगळे गृहीत धरून बसलो होतो की भावाचं नाव येणार. मावशींनी भावजयीचं नाव सांगितलं. का, असं सिस्टरनं विचारलं. “ती आधी जेवली का ते इचारती.”

भाऊ-भावजय न्यायला आले तेव्हा दसरा आठवड्यावर होता. तो भाग मी लांबवत नाही. रडारड झाली, सगळ्यांचे फोटो निघाले, एसटी वेळेवर सुटली.

खरा किचकट भाग त्यानंतरचा. मावशींना स्वतःचे चार पैसे मिळावेत म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा होता. तेव्हा महिन्याला १००० रुपये मिळायचे, पुढे १५०० झाले. मानसिक आजाराच्या आधारे अर्ज करायचा तर किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. म्हणजे रुग्णालयाचा एक कागद म्हणतो की ही बाई घरी जाण्याइतकी बरी आहे, आणि दुसऱ्या कागदानं म्हणायचं की ती पुरेशी बरी नाही. दोन्ही खरं असतं. पण खिडकीपलीकडच्या माणसाला दोन्ही एकदम खरं असू शकतं हे पटवताना तोंडाला फेस येतो.

ही टक्केवारी ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर काढतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद आणि आकलन, काम, अशा चार बाबींना शून्य ते चार गुण. अडचण जितकी जास्त, तितके गुण जास्त. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे. दहा वर्षांच्या पुढे असेल तर त्याचेच चार. वीसपैकी सात झाले की ४० टक्के. मावशींना कालावधीचे चार मिळणार होते, म्हणजे बाकीच्या चार बाबींत मिळून तीन हवेत. आता वॉर्डात वाढलेली शिस्त इथं आडवी येते. मावशी रोज अंघोळ करतात, केस विंचरतात, विचारलं की नीट उत्तर देतात, केर काढतात. दहा मिनिटांच्या मुलाखतीत त्या ठणठणीत दिसतात. त्या मुलानं गावी जाऊन आठवडाभराची टिपणं केली होती: केर काढ म्हटलं तरच काढतात, एकट्या दुकानात जात नाहीत, पन्नासची नोट मोडून उरलेले पैसे मोजता येत नाहीत, दोनाहून जास्त पाहुणे आले की मागच्या खोलीत जाऊन बसतात. अपंगत्व मंडळाच्या डॉक्टरांनी ती टिपणं शांतपणे वाचली आणि प्रश्न बदलले. प्रमाणपत्र मिळालं. प्रत्येक तालुक्यात असं टिपण करणारं कुणी नसतं, आणि मग तेच गुण पाचवर थांबतात.

तलाठी कार्यालयात वेगळीच गंमत. बाई इतकी वर्षं गावात राहत नव्हती तर रहिवासी कसं म्हणू? मग रुग्णालयाचं पत्र, शाळेतला जुना दाखला, पोलीस पाटलांचा जबाब. रेशनकार्डावरून नाव कधीच कमी झालं होतं, ते पुन्हा चढवायला भावाचा अर्ज. आधारसाठी बोटांचे ठसे उमटेनात. वॉर्डात अनेक वर्षं भांडी घासलेली. भाऊ फडात, म्हणून यातली बरीच धावपळ त्याच्या म्हाताऱ्या सासऱ्यानं केली. ऊसतोडीला न जाणारं घरातलं ते एकमेव माणूस.

आणि मग २०२० चा मार्च. टाळेबंदी लागली तेव्हा टोळ्या कारखान्यांवरच होत्या. लाखाहून जास्त ऊसतोड कामगार अडकून पडले आणि एप्रिलच्या मध्यावर तपासण्या करून त्यांना गावी जायची परवानगी मिळाली. मावशी कोपीवर. इंजेक्शनची तारीख उलटून गेलेली. रात्री त्या झोपेनाशा झाल्या, स्वतःशी बोलायला लागल्या, तेव्हा भावजयीनं त्या मुलाला फोन केला. आपण प्रतिनिधी आहोत हे तिनं फार मनावर घेतलं होतं. त्यानं चिठ्ठीवरचा नंबर फिरवला आणि तिथल्या पथकातल्या समाजसेविकेनं आशाताईंकरवी गोळ्या पोचवल्या. गावी परतल्यावर इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. कायदा, आखणी, समन्याय वगैरे सगळं त्या पंधरवड्यात एका फोन नंबरवर टिकून होतं, हे मला वर्गात सांगावंसं वाटतं आणि सांगतेही.

या सगळ्यातून आमच्या महाविद्यालयात एक बदल झाला, तो छोटा आहे. केस हिस्टरीच्या आमच्या फॉर्ममध्ये धर्म, शिक्षण, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार हे सगळं होतं. जात नव्हती, कारण ती विचारू नये असा आमचा सभ्यपणा. स्थलांतर नव्हतं, कारण कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं अठरावं कलम उपचारांत लिंग, धर्म, जात, वर्ग यांवरून भेद करू नये असं स्पष्ट म्हणतं. पण जी गोष्ट लिहूनच घेतली नाही, तिच्यावरून भेद झाला की नाही हे कळणार कसं? आता आम्ही जात विचारतो, कशासाठी विचारतो ते सांगून, आणि उत्तर द्यायचं नसेल तर सोडून देतो. शिवाय एक रकाना वाढवला आहे: ‘वर्षातले कोणते महिने घर उघडं असतं?’ अभ्यास मंडळाच्या बैठकीत एका सदस्यांनी याला संदर्भग्रंथ कोणता असं विचारलं. मी पाकिटांच्या झेरॉक्स दाखवल्या. रकाना मंजूर झाला, ‘स्थानिक गरजेनुसार’ असं कंसात लिहून.

तो मुलगा एम.फिल.ला गेला नाही. अर्ज भरला होता, पण घरचं कर्ज. आता तो एका जिल्हा पथकात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. पगार दोन-दोन महिने मागे पडतो. दर वर्षी गणपतीनंतर तो कारखान्यावर जाणाऱ्या रुग्णांची यादी करतो आणि दसऱ्याच्या आत प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी ठेवतो. हे त्याच्या कामाच्या वर्णनात कुठंही नाही.

मावशींची पेन्शन २०२१ साली थांबली. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही, कारण तो मागितला गेला तेव्हा त्या फडात होत्या आणि घर बंद होतं. तहसीलमधून आलेल्या उत्तरात शब्द वेगळे होते, ‘लाभार्थी आढळून आला नाही’. अर्ज पुन्हा केला, काही महिन्यांनी रक्कम सुरू झाली, मधले पैसे काही मिळाले नाहीत. आता दिवाळीआधीच दाखला द्यायला तो मुलगा त्यांना घेऊन जातो. पहिल्या वर्षी कारकुनानं ‘इतक्या लवकर कशाला’ म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी घेतला. यंदाच्या तुकडीतल्या दोघींना मी त्याच तहसीलला लावलं आहे. असे किती जणांचे अर्ज हंगामात बंद पडतात ते त्या नोंदवह्यांतून काढताहेत. माहितीच्या अधिकारातला पहिला अर्ज अपुरा म्हणून परत आला, दुसरा गेला आहे.